कुलपाभोवतीचा डाग

झोप येण्याआधी मी थर मोजते. पहिला थर वाळला, दुसरा वाळला, तिसरा अजून ओलसर आहे. मोजता मोजता कुठला थर रंगाचा आणि कुठला झोपेचा, हे कळेनासं होतं.

शनिवारची दुपार आहे. पडवीत चटईवर पडले आहे. डोक्याशी वन्संचं कपाट उभं आहे. मुलं जेवायला घरी गेली आहेत, चारला परत येतील. माझ्याकडे दर शनिवारी पाच मुलं येतात. हस्तकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन मला चौदा वर्षं झाली, पण हाताशी मुलं नसली की हात रिकामे वाटतात. या महिन्यात आम्ही जुन्या लाकडाला नवं करायला शिकतो आहोत. शाळेतून आणलेले खडूचे तुकडे मुलांनी खलबत्त्यात कुटले, वस्त्रगाळ केले. तीन वाट्या भिंतीच्या रंगात एक वाटी खडूची पूड आणि थोडं पाणी घातलं. हा रंग लवकर वाळतो, हाताला मऊ लागतो, आणि वरून मेण चोळलं की त्याला जुन्या शाडूसारखी झाक येते. मेणही घरीच केलं आहे. मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण जवसाच्या तेलात वितळवून डब्यात ओतलं आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, इंदू. मागच्या आषाढात वारल्या. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं इथल्या, मिरजेच्याच, एका प्रसूतिगृहात परिचारिका होत्या आणि तिथल्या औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. निवृत्तीनंतर तिची जागा या सागवानी कपाटाच्या किल्लीनं घेतली. शेवटचे चार महिने ती किल्ली हरवलेली होती. अजूनही हरवलेली आहे. सोमवारी सुतार येऊन कुलूप फोडणार आहे, मग कपाटात मुलांची पुस्तकं लागतील. तोवर आम्ही ते बाहेरून रंगवतो आहोत.

किल्ली माझ्या मेणाच्या डब्यात आहे. अगदी तळाशी, मेणात रुतवलेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते आहे.

आता डाग. कपाटाच्या उजव्या दारावर, कुलपाच्या भोकाभोवती, तळहाताएवढा पिवळा डाग आहे. वन्सं रोज सकाळी घरी काढलेलं माक्याचं तेल केसांना लावत आणि त्याच हातानं कपाट उघडत. ते तेल लाकडात मुरलं आहे. आम्ही पहिला थर दिला, डाग वर आला. दुसरा दिला, पुन्हा वर आला. सकाळी तिसरा दिला. सना म्हणाली, "आजी, आमचे दादाजी म्हणतात आधी चपडा मारा. नाहीतर तेल वर येतच राहणार." तिचे आजोबा तंतुवाद्यांच्या गल्लीत तंबोऱ्यांना पॉलिश करतात. चपड्याची लाख खालचं सगळं बंद करते, हे मलाही माहीत आहे. मीच मुलांना ते शिकवलं आहे. तरी म्हणाले, "अजून एक थर देऊ, बसेल."

का म्हणाले, कोण जाणे. डोळे मिटतात.

किणकिण ऐकू येते. कपाटासमोर पाटावर कुणीतरी पाठमोरं बसलं आहे. केस मोकळे, शेजारी वाटी. माक्याचा वास.

"दमलीस का गं, कुमुद?"

मला लगेच संशय येतो. बेचाळीस वर्षांत वन्संनी मला कधी असं विचारलेलं नाही. त्या आल्या की आधी दुधाचं पातेलं उघडून हुंगत, मग बोलत. हे गोड बोलणारं माणूस कोण आहे? मी चटईवरून उठत नाही.

"दूध आलंय," मी मुद्दाम म्हणते. "बघता का जरा?"

त्या तेलाची वाटी उचलतात, नाकाशी धरतात आणि तोंड वाकडं करतात.

"कालचं आहे. खपवतेस होय?"

म्हणजे त्याच. मला हायसं वाटतं आणि भीतीही वाटते.

"कपाट कुणी पांढरं केलं?" त्या विचारतात.

"मुलांनी. पुस्तकं ठेवायची आहेत."

"मुलांनी! आणि मुलांना कुणी सांगितलं? माझं कपाट म्हणजे काय गावची पाणपोई वाटली?"

त्या डागाकडे हात नेतात. हात पोचत नाही. कपाट लांब गेलं आहे, त्याच्या पुढे दुसरं कपाट आहे, त्याच्या पुढे तिसरं. पडवी उरलेली नाही. आम्ही प्रसूतिगृहाच्या लांब व्हरांड्यात चालतो आहोत. दोन्ही बाजूंना पांढरी कपाटं, प्रत्येकाच्या कुलपाभोवती पिवळा डाग. बंद दारांमागून तान्ही बाळं रडत आहेत. वन्संनी पांढरी साडी नेसली आहे आणि दर चार पावलांनी त्यांचा हात कमरेकडे जातो, तिथे काही नसतं, हात परत येतो. त्या जरा एका बाजूला कलून चालतात. किल्लीचं वजन नसल्यामुळे माणूस असं कलतं, हे मला स्वप्नात अगदी खरं वाटतं.

"ही दारं उघडायला हवीत," त्या म्हणतात. "बाळांना दूध पाजायची वेळ झाली."

"हो."

"किल्ली?"

माझ्या काखेत मेणाचा डबा आहे. तो कधी आला मला ठाऊक नाही. मी पदर पुढे ओढते.

"पदराखाली काय आहे?"

"काही नाही. मेण."

"दाखव."

"वन्सं, नुसतं मेण आहे."

"एकतीस वर्षं," त्या म्हणतात, "या दारांतून किती जणी आल्या नि गेल्या. एक किल्ली हरवली नाही. आणि घरी बसून हरवली म्हणे! बंडू मला म्हणाला, ताई, तुझं डोकं ठिकाणावर नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, लहान मुलाला म्हणतात तसं."

बंडू म्हणजे माझा नवरा. तो हात मी पाहिला होता. तेव्हा मी शेजारी उभी राहून भाजी निवडत होते.

व्हरांडा संपतो तिथे माझा वर्ग आहे. तसाच, उजव्या खिडकीचं तावदान फुटलेलं. पण मी बाकावर बसलेली आहे आणि वन्सं फळ्यापाशी आहेत. बाकं माझ्या मापाची नाहीत, गुडघे वर येतात. आजूबाजूला माझीच पाच मुलं. सगळ्यांच्या बोटांना खडूचा रंग लागला आहे. वन्सं हजेरी घेतात.

"सना."

"हजर."

"कुमुद."

"हजर."

"उभी राहा. मुलांना काय शिकवतेस?"

"आधी धुवायचं. मग घासायचं. तेलाचा डाग असेल तर चपडा मारायचा. मगच रंग."

"आणि तू काय केलंस?"

मुलं माझ्याकडे बघत नाहीत. ती माझ्या नखांकडे बघतात. मी हात मागे घेते.

"तुम्ही गोळ्या दोनदा घेत होतात," मी म्हणते. माझा आवाज समजूत घालणारा आहे, मुलांशी बोलते तसा. "सकाळी घ्यायच्या, विसरायच्या, कपाट उघडून पुन्हा घ्यायच्या. चक्कर येऊन मोरीत पडलात. तुमच्या भल्यासाठी घेतली मी किल्ली."

"भल्यासाठी घेतलीस. ते मी धरून चालले. मग मी विचारलं तेव्हा काय म्हणालीस?"

मला उत्तर पाठ आहे. चार महिने रोज दिलेलं उत्तर आहे ते.

"तुम्हीच कुठंतरी ठेवली असेल, आठवून बघा."

हे बोलताना माझ्या तोंडातून खडूची पूड बाहेर पडते. बाकावर पांढरा थर बसतो.

"आणि मी म्हणाले की कपाट कुणीतरी उघडतं, दाराच्या फटीतून बघितलं की साड्यांच्या घड्या बदललेल्या असतात?"

"भास होतो तुम्हाला, म्हणाले."

"होत होता?"

"नाही. मी उघडत होते. गोळ्या काढून घ्यायला आणि मोजून द्यायला. तुम्ही झोपलात की."

वर्गात कुणी हसत नाही. मुलांनी हसावं असं मला फार वाटतं.

वन्सं टेबलाला टेकतात. दमल्यासारख्या दिसतात.

"वन्सं, किल्ली मी ठेवते. एवढं म्हणायचं होतंस. चार शब्द."

"तुम्ही दिली असती?"

"छे! घर डोक्यावर घेतलं असतं. तुझ्या माहेरापर्यंत गेले असते." त्या डोळे बारीक करून माझ्याकडे बघतात. "पण शहाणी बाई म्हणून भांडले असते गं. तू मला वेडी करून मारलंस."

मी डबा बाकावर ठेवते. झाकण निघत नाही, मग निघतं. मेण थंड आहे. मी बोटं घालते, नखांनी खरवडते. मुलं मोजायला लागतात, पहिला थर, दुसरा थर, तिसरा. तळाशी लोखंड लागतं. किल्ली बाहेर येते, मेणानं भरलेली, बोटाएवढी जाड झालेली.

मी ती त्यांच्या तळहातावर ठेवते. तळहात तेलकट आणि गरम आहे. याचं मला आश्चर्य वाटतं.

त्या अंगठ्यानं किल्लीचे दात चाचपतात.

"हीच का?"

"हीच."

"दुसरी घडवून नाही ना आणलीस? तुझा भरवसा नाही."

"वन्सं!"

"ओरडू नकोस. चार महिने मला हेच ऐकवलंस, वन्संचा कुणावर विश्वास नाही म्हणून. विश्वास कुणावर ठेवायचा होता, तेवढं सांग." त्या उठतात. "बंडूला सांगशील?"

"सांगते."

"आज?"

"आज."

"मला खोटं वाटतं," त्या शांतपणे म्हणतात. "सोमवारी सुतार येईल, कुलूप फुटेल, किल्ली मेणात राहील. मग मुलं तेच मेण माझ्याच कपाटाला चोळतील आणि तू म्हणशील, छान, गोल गोल फिरवा हात. मी ओळखते तुला. म्हणून ही मी माझ्या जागी ठेवते."

त्या फळ्याकडे वळतात. फळ्याला दार आहे, दाराला कुलूप आहे, कुलपाभोवती पिवळा डाग आहे. त्यांच्या कमरेला काहीच नाही, तरी आता त्या सरळ चालतात. कट् असा आवाज होतो. खूप बाळं एकदम रडायची थांबतात.

"अगं, ऊठ. पावणेचार झाले."

हे माझ्या नवऱ्याचे शब्द आहेत. पडवीत ऊन तिरकं आलं आहे. ते चहाचे दोन कप घेऊन उभे आहेत, पण माझ्याकडे बघत नाहीत. कपाटाकडे बघत आहेत.

"ही कुठून आली?"

कुलपात किल्ली आहे. मेणानं माखलेली. मेणाचा एक ओघळ पांढऱ्या रंगावर उतरला आहे आणि तिसऱ्या थरातून डाग पुन्हा वर आला आहे.

झोपेत मीच उठले असेन. डबा शेल्फावर आहे, झाकण बंद आहे. मी उठून डबा उघडायला जात नाही. मुलांना मी सांगते की कशावरही विश्वास ठेवण्याआधी पडताळून पाहा, पण मी माझी नखंही पाहत नाही. हात पदराखाली घेते.

"ताईनंच ठेवली असणार कुठेतरी," ते म्हणतात. त्यांच्या आवाजात दया आहे, तीच पाठीवर हात ठेवण्याची. "रंगवताना मुलांना सापडली असेल. बिचारी. शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं तिला."

उत्तर तयार आहे. नुसतं हो म्हणायचं आहे. तेवढ्यात माक्याचा वास येतो. तो डागाचाही असेल.

"नाही," मी म्हणते. "त्यांना सगळं आठवत होतं. किल्ली मी घेतली होती."

"कधी?"

"अगदी सुरुवातीलाच. हरवली म्हणाल्या त्याच्या आदल्या रात्री. गोळ्यांसाठी. मग सांगायचं राहिलं, मग सांगता येईना."

ते कप जमिनीवर ठेवतात. मला वाटतं ओरडतील. ओरडत नाहीत. वाकून डागावर बोट फिरवतात, बोट नाकाशी नेतात.

"साड्यांच्या घड्या?"

"मीच."

"मी तिला डॉक्टरकडे नेलं होतं," ते म्हणतात. "डोक्याच्या. ती रिक्षात एक शब्द बोलली नाही. तू मागे बसली होतीस."

"हो."

ते किल्ली कुलपातून काढतात. कपाट उघडत नाहीत. लेंग्याच्या कडेला मेण पुसतात, सावकाश, एकेक दात. मग सदरा वर करून जानवं बाहेर काढतात आणि किल्ली त्याला बांधतात. गाठ मारतात, ओढून बघतात, दुसरी गाठ मारतात.

"ही आता माझ्याकडे राहील," ते म्हणतात आणि चहा न घेता आत जातात.

दाराशी चपला वाजतात. मुलं आली. सना आधी डागाकडे धावते.

"बघा आजी! परत वर आला. मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. माझं चुकलं." मी तिच्या हातात पॉलिश पेपर देते. "आज रंग नाही. आज तिन्ही थर घासून काढायचे, लाकूड दिसेपर्यंत. मग तुझ्या दादाजींकडून चपडा आणायचा."

"पण हा डाग पडलाच कसा?" ती विचारते.

माझ्या नखांत मेण आहे. आता मला ते दिसतं. आतल्या दारामागे, जमिनीवर ह्यांची सावली थांबली आहे. मी किती खरं सांगते ते ऐकायला.

"बसा," मी मुलांना म्हणते आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायला लागते.