भिंतीवरच्या तवश्याच्या बिया

तवसं म्हणजे आमच्या कोकणातली मोठी काकडी. तिच्या बिया आई ओल्या राखेत कालवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापते. गावी त्या मातीच्या भिंतीवर असायच्या, मुलुंडला ऑइलपेंटवर. गावी आता कुणीच तवसं लावत नाही. बियाणं उरलंय ते आमच्या ओट्याशेजारी.

दरवर्षी पावसाच्या तोंडावर ती खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीत बिया लावते. यंदा फाल्गुनातच म्हणाली, "पावसाक आपण हंय असतलो काय रे?"

इमारत पुनर्विकासाला जाणार. मेमध्ये घर रिकामं करून नवी इमारत होईपर्यंत भाड्याने राहायचंय. मोठ्या घराच्या लोभाने मी सगळ्यांत आधी होकार दिला आणि आईला मागाहून सांगितलं. ती फक्त "बरां" म्हणाली होती. ते "बरां" मला अजून पेलत नाही.

यंदा आत्ताच लावू म्हणून मी सुरीने बिया खरवडायला घेतल्या. दोन उरल्या तेव्हा तिने हात धरला.

"सगळ्यो काढूच्यो नाय."

"भिंतच पाडणार आहेत, आई."

"पाडूक अजून वेळ आसा."

बिया लावल्या. ऊन कडक होतं. ऑफिसला निघताना मी तांब्याभर पाणी घालायचो, रुजल्या नाहीत तर काय या धास्तीने थोडं जास्तच. दुपारी आईही घालायची. एकमेकांना आम्ही सांगितलं नव्हतं. शेवटी बायकोने माती उकरली. बियांचा लगदा झाला होता.

"दोघांनी मिळून बुडवल्यात," ती म्हणाली. "आणखी कोण पाणी घालतं का, विचारू सोसायटीत?"

आई हसली नाही. भिंतीवरच्या दोन बिया तिने नखाने सोडवल्या, कुंडीतली माती बदलली. "पाणी मी घालतलंय. तू हात लावलंस तर बघ."

मी हात लावला नाही. नजर मात्र रोज जायची. एका सकाळी माती जराशी उचललेली दिसली, खाली फिकट देठाचा बाक. मी चहा घेऊन बसलो. आई तांब्या घेऊन आली, वाकली.

"अरे, इली!"

"बघू," म्हणत मी पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं.

तिने बोटाने कोंबाभोवतीची माती सारखी केली. मग म्हणाली, "भाड्याच्या घराक ग्रिल आसा मां?"

घर बघायला गेलो तेव्हा मी बेडरूम मोजल्या होत्या, पार्किंग विचारलं होतं. ग्रिल पाहिलंच नव्हतं.

"आहे ना," मी म्हणालो.

जिना उतरता उतरता एजंटला फोन लावला.