छातीच्या उंचीवर

"मॅडम, सही करी टाका ना. यामा इतला इचार काय करी ऱ्हायनात?" मोरेसाहेबांनी पेन माझ्यापुढे सरकवलं.

मोरेसाहेब आमच्या कन्सल्टन्सीचे मालक. चिडले किंवा कुणाला गळ घालायची असली की त्यांचं ऑफिसातलं मराठी गळून पडतं आणि अहिराणी सुरू होते. समोर दीक्षितसाहेब बसले होते. त्यांच्या कंपनीला सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या नफ्यातून, सातपुड्यातल्या एका उघड्या खडकावर झाडं लावायची होती. खडक उजाड आहे, तिथे काहीही उगवत नाही, असं लिहून मी सही केली की काम सुरू होणार होतं.

मी पेन परत सरकवलं.

"वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक तुम्ही, आणि झाडं लावायला विरोध?" दीक्षित हसले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. झाडं जरूर लावा. माती असेल तिथे लावा."

कॉलेजातून रिटायर झाल्यावर मी ही नोकरी धरली होती. काम आवडीचं, डोंगरात हिंडायला मिळायचं. पण सर्व्हेची पद्धत बघून पहिल्या दिवसापासून डोकं फिरायचं. सर्व्हे नेहमी उन्हाळ्यात, कारण तेव्हा जीप वरपर्यंत जाते. आणि झाड मोजायचं म्हणजे छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून खोडाचा घेर घ्यायचा. त्या उंचीला खोड नसेल तर ऑफिसच्या लेखी तिथे काहीच नाही.

त्या खडकावरही मी टेप घेऊनच गेले होते. धडगावच्या पुढे, एका पावरा आदिवासींच्या वस्तीच्या वर, तव्यासारखा तापलेला काळा सपाट खडक. त्यावर मोहाची फुलं वाळत पडलेली आणि गुलीबाई नावाची बाई ती झाडूने उलटीपालटी करत होती. बाकी लांबून पाहिलं तर खरंच शुकशुकाट. मी गुडघ्यांवर बसले. मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचे भाऊबंद खडकाला चिकटून होते. खळग्यांमध्ये भाकरीच्या जाडीएवढी माती आणि तीत वाळून कोळ झालेल्या गवताचे झुपके. भेगांमध्ये मयूरशिखा, म्हणजे मोराच्या तुऱ्यासारखं दिसणारं बोटभर नेचं, अंग आखडून बसलेलं. ही झाडं मेलेली नसतात. पाणी येईपर्यंत ती सगळे व्यवहार बंद ठेवतात. खाली चांगली जमीन असताना ती तिथे का राहतात? कारण खालचं उंच गवत त्यांना उभंच राहू देत नाही. वर खडकावर मात्र त्यांच्याशी भांडायला कुणी जात नाही.

हे सगळं सांगून झालं तरी दीक्षित घड्याळच बघत होते. मग मी पिशवीतून मयूरशिखेचा एक वाळका झुपका काढला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात सोडला. मोरेसाहेबांनी कपाळाला हात लावला. आम्ही जेवून परत आलो तोवर पानं हिरवी होऊन हळूहळू उलगडायला लागली होती.

"वा, जादू छान आहे," दीक्षित म्हणाले. "पण फोटोत काय दिसणार? आम्हाला वर्षभरात तिथे जंगल दाखवायचंय."

मला इतका संताप आला की तो ग्लास उचलून मी सरळ घरी घेऊन गेले.

काही दिवसांनी गुलीबाईचा फोन आला. "बाई, तुमची माणसं आली होती. महूची फुलं वाळवतो त्या जागेवर माती टाकून गेली."

माझी सही नसताना, मंजुरीच्याही आधी, कंपनीने 'ट्रायल पॅच', म्हणजे नमुन्याची लागवड, उरकला होता. कंप्रेसरने खडकात खड्डे पाडले, सपाटीवरच्या शेतांतली काळी माती ट्रकने आणून टाकली, गुलमोहराची रोपं लावली आणि बोर्डासह फोटो काढले. उरलेल्या खडकाची मंजुरी ग्रामसभेत घ्यायची होती. आमच्या आदिवासी पट्ट्यात त्याशिवाय अशी कामं होत नाहीत.

ग्रामसभेला मी बोलावणं नसताना गेले. दीक्षित आणि मोरेसाहेब आधीच तिथे बसलेले. सरपंच म्हणाले, "झाडं फुकट मिळतात, तर नाही कशाला म्हणायचं?" माना डोलायला लागल्या.

मी उठले. "मी यांच्याच कामावर आहे, तरी सांगते. खडक फोडून तिथे जंगल होणार नाही. पहिल्या जोराच्या पावसात माती तुमच्या शेतात उतरेल आणि वर जे आज जिवंत आहे तेही जाईल."

"मॅडम, बठी जा," मोरेसाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"बसत नाही."

तेवढ्यात मागून गुलीबाई बोलली. "खडकावर महू वाळतो. तिथं झाडाची सावली आली तर महू सडेल. झाडं द्यायची तर खाली उतारावर द्या. तिथं माती आहे."

आता बायका एकदम बोलू लागल्या. काय बोलल्या ते मला सगळं कळलं नाही, कारण ते पावरीत होतं. दीक्षितांना बहुतेक सूर कळला. ठराव झाला: झाडं उतारावर, आंबा आणि मोह. खडकाला हात लावायचा नाही.

बाहेर येताच मोरेसाहेब म्हणाले, "आपलं आते जमाव नही, मॅडम."

"नाही जमणार," मी म्हटलं. घरी येताना वाईट वाटलं. नोकरी गेल्याचं कुणाला वाटत नाही? पण सही केली नाही याचं एकदाही वाटलं नाही.

पोळ्याच्या सुमारास खडक बघायला गेले. पाय कुठे ठेवावा कळेना. खळग्यांच्या ओल्या काठांवर सीतेची आसवं, जांभळी, मुगाच्या दाण्याएवढी फुलं. त्यांच्या मध्ये गेंद नावाच्या पाणथळ गवताची पांढरी बटणांसारखी फुलं. भेगाभेगांतून मयूरशिखा ताठ उभी. मला रडूच आलं. गुलीबाई माझ्याकडे बघून हसत होती.

ट्रायल पॅचवर मात्र बोर्ड तेवढा शाबूत होता. बरीचशी माती वाहून गेलेली, गुलमोहर आडवे झालेले. खड्ड्यांत जी माती उरली होती तिच्यातून शेतातलं बी वर आलं होतं आणि गाजरगवत तरारून फुललं होतं. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. बरोबर माझ्या छातीला लागत होतं. ऑफिसच्या पद्धतीने बघितलं तर त्या अख्ख्या खडकावर नजरेत भरणारं तेवढंच होतं.

बी पडायच्या आत आम्ही दोघींनी ते सगळं उपटून काढलं.

दिवाळीनंतर मोरेसाहेबांचा फोन आला. "नवी साइट शे, मॅडम. येशात ना?"

"येईन. पण पावसाळ्यात. आणि टेप तुमच्याकडेच ठेवा."

"पावसामा तठे जीप जात नही."

"मी चालत जाईन," मी म्हटलं.