वहिनी आणि हेलियमची गळती

"घाईनं गार केलेली वस्तू मनात राग धरते," असं वहिनी एकदा म्हणाल्या, तेव्हा त्यांचा नवरा दुधाचं गरम पातेलं फ्रिजमध्ये सारत होता.

त्याला हसू आलं, वहिनींना येईना. त्यांचं पोटच त्या वाक्यावर चालायचं. अणू एकमेकांत मिसळून वीज करू पाहणाऱ्या भट्टीवर त्या कामाला होत्या. तिथं सूर्यासारख्या तापलेल्या वायूला भिंतींपासून लांब धरायला घराएवढी चुंबकं होती, आणि त्यांना इतकी थंडी लागे की त्या थंडीत हवेचासुद्धा दगड व्हावा. नळ्यांतून खेळणारा हेलियम ती थंडी आणून देई, पण महिनाभर, चमच्याचमच्यानं. घाई केली की एक बाजू आधी आकसून दुसरीला तडा. हेलियम हुंगणाऱ्या यंत्राची नळी वहिनी सांध्यासांध्यावर फिरवत आणि पळणारा हेलियम पकडत. घरी नळ ठिबकला तरी त्या जेवणावरून उठत. नवरा शिंपी, तो गिऱ्हाइकांना सांगे, हिला माझ्या घोरण्यातही गळती ऐकू येते.

त्या दिवशी चुंबक जवळजवळ पुरतं गार झालं होतं, आणि हुंगण्याच्या यंत्राचा काटा चढला. साहेबांचं तोंड उतरलं. गळती सापडली नाही तर सगळं चुंबक परत उबेला आणायचं. महिन्याची थंडी पाण्यात.

वहिनींनी ओणवं होऊन सांधा न् सांधा हुंगला. सांधे चोख होते. पण हेलियम गार करणाऱ्या मोठ्या पेटीकडे जावं तसतसा काटा चढतच होता. चुंबक उबेला आणा म्हणून सांगायला साहेबांनी फोन उचलला. वहिनींनी त्यांना हातानंच थांबवलं आणि त्या पेटीमागे वळल्या.

तिथं नवरा उभा होता, हातात फुग्यांचा घोस. वहिनींचा वाढदिवस होता, आणि तो त्यांच्याच लक्षात नव्हता. पहारेकऱ्याला गोड बोलून हा चकित करायला आत शिरला होता. फुग्यांतला हेलियम रबरातूनही पाझरतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक? वाट बघून कंटाळा आला म्हणून एका फुग्याची गाठ सोडून तो तोंडालाही लावून बसला होता.

साहेब धापा टाकत पोचले. "सापडली का गळती?"

"साहेब, गळती म्हणजे मीच," नवरा म्हणाला. हेलियम ओढल्यानं आवाज निघाला चिमणीच्या पिल्लाचा.

साहेबांनी फोन खिशात टाकला. "वहिनी, ह्यांना उबेला आणायचं का?"

वहिनींनी नळी साहेबांच्या हातात दिली, एका हातात घोस आणि दुसऱ्यात नवऱ्याची बाही धरली. त्या दाराकडे चालू लागल्या तसा काटा खाली आला.