डोक्यावरचा हात

माझा थोरला भाऊ सैन्यात डॉक्टर. अंतराळात जाणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली, तेव्हा आप्पांनी भूमच्या बाजारातले पेढे गावभर वाटले. एक घर तेवढं वगळलं. शेजारचं, विधवा काकूचं.

वाटणीत विहीर आमच्याकडे आली होती. पाणी मात्र निम्मं आप्पांच्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना द्यायचं, असं तोंडी ठरल्याचं काकू सांगायची. काका होते तोवर पाणी जातही होतं. ते गेले आणि आप्पांनी तिची मोटर काढायला लावली. असं काही ठरलंच नव्हतं म्हणे! काकूचं रान वाळायला लागलं, तशी ती कोर्टात गेली.

भाऊ तेव्हा सुट्टीवर होता. लहानपणी आई आजारी असायची, म्हणून तो काकूच्याच चुलीपुढं वाढला. तरी आप्पा खोटं बोलतील हे त्याला पटत नव्हतं. काकूचीच समजूत चुकली असेल, असं तो मला सांगत राहिला.

धाराशिवच्या कोर्टात काकूकडं ना कागद होता ना साक्षीदार. ती न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, भावजींनी लेकाच्या डोक्यावर हात ठिवून सांगावं, ठरलं न्हवतं म्हणून. मी केस सोडते."

भाऊच मागच्या बाकावरून हसत उठला. "ठेवा की आप्पा. एवढ्या तपासण्यांतून पास झालोय, एका शपथेनं मला काय होतंय?"

न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. तिसऱ्याच्या जिवाची शपथ कायद्यात बसत नाही, म्हणाले. देवाची चालेल, पण मग त्या शपथेवर आप्पा सांगतील ते काकूला मान्य करावं लागेल.

"मग आई भवानीची घ्या म्हणावं," काकू म्हणाली. "आई बघंल."

मुलाची शपथ टळली आणि आप्पांचे ताठलेले खांदे खाली आले. मला मागून ते स्वच्छ दिसलं. मग त्यांनी खणखणीत आवाजात देवीची शपथ घेतली. केस संपली. काकू एकटीच एसटी स्टँडकडं चालत गेली. मला आप्पांची किळस आली, आणि बापाची किळस येते याची लाजही वाटली. आई परतीच्या वाटेवर एवढंच पुटपुटली, "देवी तरी माफ करंल त्यांना."

आठवड्यानं भाऊ प्रशिक्षणाला निघाला. ओट्यावर बॅगा होत्या, जीप दारात होती. तो आप्पांच्या पाया पडला. आप्पांचा हात वर गेला आणि अधांतरीच थांबला.

"कोर्टात राहिला होता, आता ठेवा," भाऊ हसून म्हणाला. त्यानं तो हात धरून स्वतःच्या डोक्याकडं नेला. "आणि सांगून टाका एकदा, ठरलं नव्हतं म्हणून."

चटका बसावा तसा आप्पांनी हात ओढून घेतला.

भावाचं हसू तिथंच विरलं. त्यानं बॅगा उचलल्या, जीपमध्ये टाकल्या आणि काकूच्या दारात जाऊन वाकला.

काकूनं दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. आप्पा ओट्यावरून बघत होते.