न्हाणीचा नाडा

निलमला तांड्यात समदे भित्री म्हणायचे. म्हणू द्या. म्हणणाऱ्यांच्या मांडीवर लेकरू कधी ओल्या फडक्यावानी पडलं न्हवतं.

तिची आरोही नुकती कुठं बसायला लागली व्हती, तर तिला हगवण लागली. बरी झाली, घरात जरा हसणं सुरू झालं, तर पुन्हा लागली. दुसऱ्या बारीला तर पोरीचे डोळे खोल गेले. रडायची, पर डोळ्यात पाणीच न्हाई. लघवीबी बंद. नेमसिंगनं, म्हंजी निलमच्या नवऱ्यानं, मोटरसायकल काढली आन् दोघांनी पोरीला सेनगावच्या दवाखान्यात नेलं. सलाईन चढलं तवा कुठं तिनं आईकडं बघितलं.

डॉक्टरीणबाई म्हणली, "कोणाच्या तरी हातानं संडासची घाण हिच्या पोटात जाऊन राहिली. कोणाचा हात, ते घरी बघा. तिसऱ्यांदा आणू नका."

ते 'तिसऱ्यांदा' निलमच्या काळजात रुतून बसलं. तिचा धाकटा भाऊ असाच गेला व्हता, माहेरी, कनेरगाव नाक्याकडं. सकाळी खुळखुळा वाजवत व्हता. दुसऱ्या दिवशी बापानं झोळीची दोरी सोडून ठेवली. ती दोरी निलमला अजून दिसते.

घरी आल्यापास्नं ती लोकांचे हात बघायला लागली. घरामागं टिनाच्या दाराची एकच खोली, त्यातच संडास, त्यातच न्हाणी. बाहेर आलं की रांजण, त्याच्यावर साबण. कोण साबण लावतं, कोण नुसतं पाणी फिरवतं, निलम चुलीपास्नं मान वाकडी करून बघायची. सगळ्यात जास्ती सासूला, जिवनबाईला. एक दिवस तोंडातून निघूनच गेलं, "आत्याबाई, साबण लावला का बराबर?"

जिवनबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "याच हातानं तुझा नवरा वाढवला मी! तो काय मेला का? पोरीला नजर लागली, अन् ही माझी नखं तपासून राहिली!"

पर त्या दिवसापास्नं म्हातारी इरेला पेटली. कोपरापर्यंत साबण घासायची आन् निलमच्या नाकापुढं हात नाचवायची. "घे वास! घे ना! अत्तर लावू का वरून?"

नेमसिंग हसायचा. निलमला हसू येत न्हवतं. समदे हात धुतात, मंग घाण येते कुठून? हे न कळणंच वाईट व्हतं. उशाशी मीठ-साखरेच्या पुड्या ठेवून ती झोपायची, आन् पोरगी जरा कण्हली की लंगोटात हात घालून बघायची.

सोयाबीन काढायचे दिवस व्हते. नेमसिंग मळणीयंत्रावर जायचा. एक दिवस दुपारीच घरी आला. यंत्राचा पट्टा चढवून हात काळेकुट्ट झालेले. तसाच पळत संडासला गेला. बाहेर येऊन मातीनं, साबणानं, घासून घासून हात धुतले. आन् परत गेला.

मंग निलम न्हायला गेली. अंगभर साबण लावला. बाहेर आली तर आरोही रडून राहिलेली. दात येत व्हते तिला, हिरड्या शिवशिवायच्या, बोट दिल्याबिगर गप बसायची न्हाई. निलमनं पोरीला उचललं, बोट दिलं. पोरगी चोखायला लागली.

तिच्या व्हटावर काळं दिसलं.

"काजळ फासलं का तुमी?" निलमनं विचारलं.

"छे गं," जिवनबाई जवळ आली. तिनं वास घेतला. "हे तर यंत्राचं ग्रीस हाय."

निलमनं बोट वढून काढलं. बोट काळं. पंजा काळा. आत्ताच तर न्हाली व्हती ती! पोरीला सासूकडं दिलं आन् ती न्हाणीच्या दारापाशी गेली.

त्या दाराची कडी कवाच तुटली व्हती. जिवनबाईनं जुन्या घागऱ्याचा नाडा दाराला बांधला व्हता. आत गेलं की तो खिळ्याला गुंडाळायचा, निघताना सोडायचा. नाडा कायम ओला, मळून काळा, बुळबुळीत. ग्रीसचा लपका त्याच्यावरच व्हता.

समदे संडासहून उठायचे, घाण हातानं नाडा सोडायचे, आन् *बाहेर* येऊन हात धुवायचे. निलम न्हायची, स्वच्छ हातानं तोच नाडा सोडायची, आन् आत्ताच न्हालो म्हणून हात न धुता थेट लेकराला घ्यायची. रोज. ज्या हाताला ती धुंडत व्हती, तो तिच्याच मनगटाला व्हता.

ती सासूकडं वळली. "मीच चारलं, आत्याबाई. मीच चारून राहिले व्हते."

आता जिवनबाई बोलणार, आन् तिला हक्क व्हता. पर म्हातारीनं कपाळाला हात लावला. "नाडा तर माझ्याच घागऱ्याचा. मीच बांधला की गं."

मंग तिनं विळा आणला, नाडा कापला, काडीनं उचलून उकिरड्यावर जाळला. पोरीचं तोंड उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसलं. सांजच्याला नेमसिंगनं नवी कडी ठोकली. निलमनं दार, खिळा, न्हाणीतल्या मगाचा कान, समदं ब्लिचिंगच्या पाण्यानं घासलं. कायदा एकच: न्हाऊन आला तरी लेकराला शिवायच्या आधी साबण. देवाला जाऊन आला तरी साबण.

पर जे पोटात गेलं ते गेलंच व्हतं. त्याचं काय? पोरगी हसली तरी निलमला भ्या, झोपली तरी भ्या.

सकाळी जिवनबाई न्हाणीतून निघाली ती दोन्ही हात वर धरून, पोलिसानं पकडल्यावानी. "निलम, पाणी टाक! मी रांजणाला हात लावला न्हाई!"

निलम पाणी टाकून राहिली, तवर आत आरोही कुंथली. दोघीबी पळाल्या. घाईत निलमला लंगोटाची गाठ सुटेना. जिवनबाईनं सोडली. वाकून बघितलं.

आन् मंग शेजारच्या घरांना ऐकू जाईल असं वरडली, "घट्ट हाय! पोरगी घट्ट हगली!"

निलम रडत रडत रांजणाकडं गेली, साबण घ्यायला.