इरावतीचा गाळ

वाइन मला मेलीला कधी आवडली नाही, पण इरावतीनं केलेली बोराची वाइन मी दोन पेले प्यायचे. इथे आखातात, सनाबिसला आम्ही वरच्या मजल्यावर, ती खाली. अंगणातलं बोराचं आणि खजुराचं झाड तिच्याच वाट्याला आलेलं. बोरं संपली की खजूर. सगळं गुपचूप हं. इथे घरी असलं काही करायला बंदी, बोभाटा झाला की खलास! काचेची मोठी बरणी, झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या पेल्यात, आणि दिवसभर बुडबुड. तयार वाइन काढून घ्यायची, तळाचा गाळ तसाच ठेवायचा आणि त्यावर नवा रस ओतायचा. विरजण मोडू देत नाहीत ना, तसं तिनं ते नऊ वर्षं चालवलं.

गेल्या वर्षी ती गेली. तिचा नवरा शैलेंद्र, बँकेतला एवढा मोठा माणूस, पण तिच्यामागे बरणीत रस ओतत राहिला आणि ऑफिसातून आला की तिच्यापाशी खुर्ची ओढायचा. नळी बुडबुडली की म्हणायचा, "हं, बोल." मी जिन्यात ऐकायचे आणि अंगावर काटा यायचा. याला वेड लागलंय, असं मी आमच्या ह्यांना म्हटलंही.

वर्षश्राद्धाला तो पुण्याला गेला. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. वर्षश्राद्ध करून माणूस घरी येणार, घर कसं लख्ख हवं, म्हणून मी आगाऊ बाई पदर खोचून कामाला लागले. बरणीतली वाइन बाटल्यांत भरली. तळाशी करडा चिखल. शी! सिंकमध्ये ओतला आणि कढत पाण्यानं बरणी दोनदा घासली.

संध्याकाळी त्याचा फोन. "अरुणाताई, बरणीला हात लावू नका हं. त्या गाळात इरावतीच्या हातचं आहे. जिवंत आहे ते."

"नाही हो, काळजी करू नका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मनामाच्या बाजारातून यीस्टचं पाकीट आणलं, खजुराचा रस काढला, बरणी भरली. बुडबुड सुरू झाली तेव्हा मी देवाला हात जोडले.

आठवड्यानं तो आला. बॅग दारातच टाकून खुर्चीत बसला. नळी बुडबुडली. तो बराच वेळ ऐकत राहिला, मग पुढे वाकून त्यानं विचारलं, "कोण?"

माझा धीरच सुटला. रडत रडत सगळं सांगून टाकलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "कुठे ओतलंत?"

"सिंकमध्ये."

आता खालून बुडबुड येत नाही. ऑगस्टच्या भाजत्या उन्हात तो अंगणातल्या नळाखाली ताट-वाटी घासत बसतो. मला बघवत नाही. परवा न राहवून म्हटलं, "अहो, आत सिंक आहे ना!"

"नको," तो म्हणाला, "तिच्या अंगावर खरकटं जाईल."