ठीक लिहिलेला जोड

त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी वाचायला दारापर्यंत येणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. बाकी सगळा परिसर त्यांना कानवाले म्हणूनच ओळखायचा. कोणाच्या घरातला एसी थंड करेनासा झाला आणि दोनदा गॅस भरूनही पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, की कोणीतरी सांगायचंच, "आता कानवाल्यांना बोलवा."

बाकीचे मेकॅनिक काय करतात, तर सिलिंडर लावतात, गॅस भरतात आणि हात झटकून निघून जातात. आता एसीतला गॅस काही चुलीवरच्या दुधासारखा आटत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय, इतकं ते सरळ आहे. पण ते 'कुठून' शोधायला लागते चिकाटी, आणि कानवाल्यांकडे तिचा तोटा नव्हता. उरलासुरला गॅस काढून घ्यायचा, तांब्याच्या नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरायचा, आणि मग खिशातून हातभर लांबीची एक रबरी नळी काढायची. तिचं एक टोक कानात आणि दुसरं एकेका जोडावर. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघणारी हवा बारीक 'स्स' करते. तो आवाज ते चाळीस वर्षं पकडत आले होते.

अर्थात त्यासाठी शांतता हवी. नळी काढायच्या आधी घरात हुकूम सुटायचा. पंखा बंद, टीव्ही बंद, नळ बंद, गॅसवरचा कुकर खाली, आणि कृपा करून कोणी बोलू नका. एका घरात त्यांनी एका आजोबांना श्वास जरा हळू घ्यायला सांगितलं होतं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण त्यांचा स्वभाव बघता सांगितलंही असेल.

जो जोड गळत नाही त्याच्यावर ते पांढरी टेप गुंडाळायचे आणि काळ्या मार्करने तारीख घालून लिहायचे, 'ठीक'. एकदा ठीक लिहिलेल्या जोडाला ते पुन्हा कान लावत नसत. दुसऱ्याने तपासलेलं ते हजारदा तपासतील, पण स्वतःच्या अक्षरावर शंका कशाला घ्यायची? हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना.

ही शांततेची शिस्त घरातही होती. दिवसभर राबलेल्या कानाला संध्याकाळी विश्रांती हवी, असं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात बायकोला सांगून टाकलं. ती बिचारी शिकली. पातेल्यावर झाकण आवाज न करता ठेवायचं, दार हाताने धरून लावायचं, आणि नवऱ्याशी जे बोलायचं ते हळू आवाजात, एकदाच. मुलगी झाली, तीही तसंच शिकली. आमच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं कानवाले चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

आणि मग शेवटच्या वर्षभरात बायकोने बोलणंच टाकलं.

भांडण नाही, तंटा नाही. ती ओट्याशी पाठमोरी उभी असायची, हे खुर्चीत बसलेले असायचे, आणि मधे शब्द नाही. सुरुवातीला त्यांना वाटलं, थकली असेल. मग वाटलं, रागावली आहे. आणि एकदा राग आहे असं ठरल्यावर तेही हट्टाला पेटले. ती बोलत नाही तर मी का बोलू? परक्याच्या भिंतीतली गळती शोधायला हा माणूस सामान घेऊन तीन-तीन मजले चढायचा, पण स्वतःच्या बायकोला 'काय झालं गं' एवढं विचारताना मान आडवा यायचा. पुढे तिच्या छातीचं दुखणं वाढलं, आवाज अगदीच खोल गेला, आणि एका सकाळी ती गेली. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

तेव्हापासून कानवाल्यांना एकच गोष्ट हवी होती. तिचा राग कशाचा होता, तेवढं कळायला हवं होतं. माणूस गेलं हे ते सोसत होते, पण रागावून गेलं हे त्यांना सोसवत नव्हतं. मुलगी दूर दुसऱ्या शहरात. तिला विचारावं असं शंभरदा मनात आलं आणि शंभरदा त्यांनी ते गिळलं. कारण तिने एकदा सहज सांगितलं होतं, "आई फोनवर माझ्याशी तासन्‌तास बोलायची." म्हणजे लेकीशी बोलायला तिला तोंड होतं, अबोला होता तो फक्त नवऱ्याशी. ते ऐकून त्यांना जे लागलं, ते लागलंच.

एकटा माणूस संध्याकाळी करणार काय? टीव्ही लावायचा. तो आवाजाने नुसता घुमायचा आणि शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. शेजारच्यांना माणुसकीच नाही, असं त्यांचं मत. शिवाय हल्ली माणसं बोलत नाहीत, पुटपुटतात, हेही त्यांचं मत. आणि मुलगी फोनवर नेहमी ओरडूनच बोलते, तेव्हा तिचा स्वभाव सासरी जाऊन तापट झाला, हे तिसरं. त्याच मुलीने त्यांना गळती हुंगणारं एक यंत्र पाठवलं होतं. गॅस लागला की ते टी-टी करतं. ते खोक्यासकट कपाटावर पडून होतं. कान शाबूत असताना नाक कशाला, असं म्हणून त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून बोलावणं आलं. घर भाड्याचं, बाई नवीन, पण एसी कानवाल्यांच्या ओळखीचा. तीन वर्षांपूर्वी घरमालकाने त्यांनाच बोलावलं होतं. बाई शाळांचे पांढरे शर्ट शिवायच्या. खिडकी उघडली की रस्त्यावरची धूळ थेट शर्टांवर, आणि बंद ठेवली की खोलीची भट्टी. त्यामुळे एसी बंद म्हणजे त्यांचं कामच बंद. कानवाले आले, हुकूम सुटला, बाईंनी मशीन थांबवलं आणि ओठांत टाचण्या धरून उभ्या राहिल्या. बाहेरच्या युनिटची एक झडप जराशी सैल निघाली. ती आवळली, गॅस भरला, काम झालं.

तीन आठवड्यांत खोली पुन्हा तापली. कानवाले पुन्हा आले. या वेळी त्यांनी एकूण एक जोडाला कान लावला. एक तेवढा राहिला, आतल्या युनिटच्या मागे भिंतीच्या खाचेत दडलेला. त्याच्यावर पांढरी टेप होती आणि टेपवर त्यांचंच अक्षर. ते बघून जुना दोस्त भेटल्यासारखे ते हसले आणि पुढे गेले. बाई टाचण्यांतून काहीतरी म्हणाल्या. ते उगाचच "हो, हो," म्हणाले.

आणि आता हे तिसरं बोलावणं. जिना चढताना ते मधे दोनदा थांबले. गळती आहे आणि ती कानवाल्यांना सापडत नाही, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. पाटीवरचं नाव कोणी वाचत नाही, निदान हे एक नाव तरी राहायला हवं होतं.

सगळे जोड झाले. काही नाही. उरला तो खाचेतला. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची टेप सोडली.

टेपची आतली बाजू काळी चिकट होती. गॅसबरोबर यंत्रातलं तेल पाझरतं, त्यावर धूळ बसते, थरावर थर. हा थर एका उन्हाळ्याचा नव्हता. त्यांनी जोड पुसला, नळी कानात घातली, दुसरं टोक जोडावर टेकवलं. शांत. अगदी शांत.

"बाई, भांडी घासायचा साबण आहे का थोडा?"

साबणाच्या पाण्याने गळती शोधणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टर उडवली होती. फेस काढायचा तर न्हावी व्हावं, म्हणायचे. आता त्यांनी स्वतःच वाटीत फेस केला आणि बोटाने जोडावर लावला. फेसातून एक बुडबुडा वर आला. वाटाण्याएवढा झाला, लिंबाएवढा झाला, फुटला. त्याच्या जागी दुसरा आला.

त्यांनी नळी बुडबुड्याच्या अगदी जवळ नेली. काही नाही. नळीत फुंकर मारून बघितली, मोकळी होती. कान बदलला. दुसऱ्या कानातही काही नाही. डोळ्यांसमोर हवा बाहेर येत होती आणि आवाज मात्र नव्हता.

"मशीन बंद आहे ना तुमचं?"

बाईंनी मान हलवली. मशीन कधीचं बंद होतं.

"जरा इकडे या. ही नळी कानाला लावा आणि काय ऐकू येतं ते सांगा."

बाई स्टुलावर चढल्या. नळी कानाला लावली न लावली तोच त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "येतंय की ऐकू! स्स करतंय. अहो, नळी काढली तरी येतंय थोडं." मग त्यांनी वळून कानवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा सूर उतरला. "तुम्हाला नाही येत, काका?"

टाचण्या आता तोंडात नव्हत्या. तरी ते शेवटचं वाक्य कानवाल्यांना कळलं ते ओठांवरूनच.

"केव्हापासून गळतोय हो हा?" बाईंनी जरा मोठ्याने विचारलं. "घरमालक म्हणत होते, तीन वर्षं झाली, दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो. मागच्या वेळी सांगितलं होतं मी तुम्हाला."

त्यांनी गुडघ्यावर ठेवलेली टेप उचलून तारीख वाचली. तो दिवस त्यांना आठवत होता. अबोल्याचे ते पहिलेपहिले दिवस. सकाळी बायकोने दारात डबा हातात दिला होता आणि एक शब्द बोलली नव्हती. त्या रागात ते इथे आले होते, या स्टुलावर चढले होते, या जोडाला कान लावला होता, काही ऐकू आलं नाही म्हणून 'ठीक' लिहून खाली उतरले होते.

काही ऐकू आलं नाही म्हणून.

डबा देताना तिचे ओठ हलले होते का? त्यांनी जीव एकवटून तो चेहरा आठवायचा प्रयत्न केला. त्यांना डबा आठवला, तिच्या बांगड्या आठवल्या, पण चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

काम मात्र त्यांनी नेटकं केलं. खराब टोक कापलं, नळीचं तोंड नव्याने पसरवून घेतलं, नट आवळला आणि पुन्हा दाब दिला. फेस लावून दहा मिनिटं बघत बसले. बुडबुडा आला नाही. तरी कानाची रबरी नळी त्यांनी बाईंच्याच हातात दिली. बाईंनी पंखा, नळ सगळं बंद आहे ना बघून, श्वास रोखून ऐकलं आणि मान हलवली, काही नाही. कानवाल्यांनी नवी टेप गुंडाळली, तारीख घातली आणि मार्कर पुढे केला.

"तुम्ही लिहा."

बाईंनी मापं लिहितात तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'ठीक'.

घरी येऊन त्यांनी टीव्ही लावला नाही. हातपाय धुवायचंही त्यांना सुचलं नाही. संध्याकाळचं ऊन ओट्यावर पडलं होतं, तिथे बघत ते खुर्चीत बसले आणि मुलीला फोन लावला.

"बाबा? आज मधेच कसा फोन? बरं आहे ना?"

"बरं आहे. एक विचारू? खरं सांग. आई शेवटी शेवटी माझ्याबद्दल काय म्हणायची?"

पलीकडे शांतता. की मुलगी काही बोलली आणि ते निसटलं? त्यांना आता खात्री नव्हती. "मोठ्याने बोल गं," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं. मुलीलाही ते कळलं असावं, कारण ती बोलली तेव्हा तिचा आवाज रडवेला होता.

"म्हणायची, ह्यांनी माझ्याशी अबोला धरलाय. म्हणायची, काहीतरी चुकलंय माझं, पण काय ते सांगतच नाहीत."

"मग विचारायचं होतं तिने."

"विचारायची ना बाबा. रोज विचारायची. मी म्हटलं, आई, जरा जोरात बोलून बघ. तर म्हणायची, नको, दिवसभर कान राबवून आलेले असतात."

हे सगळं कानवाल्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. मुलगी ओरडून बोलत होती, गेली कित्येक वर्षं ती त्यांच्याशी अशीच ओरडून बोलत आली होती, आणि तिच्यात तापटपणा कणभरही नव्हता. उद्या फोन करतो, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग ते उठले. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी, ती पाठमोरी उभी राहायची तिथे, जाऊन थांबले. त्या घरात तीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं इतक्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "काही चुकलं नव्हतं गं तुझं."

शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. त्यांनी पुन्हा म्हटलं.